ओढ्यातून गेलेली रेघ

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात अर्ज सोडून दुसरं काही कुणी लिहिलेलं नाही, आणि ते अर्जही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. थंडीवर लिहावं ते जाणत्या माणसांनी. त्यांच्या थंडीत धुकं असतं, दव असतं, शाल पांघरलेली सकाळ असते. माझ्या थंडीत सर्कल आहेत, प्रांत आहेत, हायकोर्टाच्या तारखा आहेत. याला ललित म्हणावं का, हे कुणाला विचारायलाही मला संकोच वाटतो. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेऊन. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

निमित्त हुरड्याचं झालं. भिंगारला आम्ही चौघं मित्र एका खोलीत राहतो. परवा त्यांनी हुरडा पार्टीचा बेत काढला. शिंगणापूरच्या रस्त्याला आता ठिकठिकाणी बोर्ड लागलेत. बाजा टाकलेल्या असतात, बैलगाडीत बसून फोटो काढायची सोय असते, फेटा बांधलेला माणूस पत्रावळीवर हुरडा वाढतो. माणशी पैसे भरायचे की झालं. मी नको म्हणालो. एकाने लगेच टोमणा मारला, शेतकऱ्याच्या पोराला शहर लागलं रे. मीही हसलो. आता त्यांना काय सांगू? हुरडा भाजल्याचा वास आला की लोकांना शेत आठवतं, मला गेली दोन वर्षं नकाशा आठवतो.

आमची वस्ती गावठाणापासून लांब, ओढ्याच्या दोन्ही काठांवर आहे. जांभळीची वस्ती म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, बाकी वर्षभर नुसती वाळू आणि कडेच्या बाभळी. हा ओढा मधे आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. तो आमचं अंगण होता. अलीकडच्या काठावर आमचं घर आणि हिराआत्याचं घर, पलीकडच्या काठावर बापूकाकांचं आणि त्यांच्या भावकीचं. विरजण संपलं की आई पलीकडे जायची. पलीकडच्या गुरांना पाणी पाजायला इकडचा हौद. वस्तीतल्या लग्नांचा मांडव ओढ्यात वाळूवरच पडायचा, कारण तेवढी सपाट जागा दुसरीकडे कुठेच नाही. मी लहानपणी नवऱ्या मुलीच्या मागे अक्षता टाकत उभा असायचो तेव्हा पायाखाली थंडगार वाळू असायची, आणि जेवणाच्या पंगती ओढा वळेल तशा वळत जायच्या.

अडचण फक्त पावसाळ्यातली. ओढा भरून आला की पलीकडची पोरं शाळेला मुकायची आणि अलीकडचं दूध डेअरीला जायचं नाही. म्हणून हिराआत्याचं एकच मागणं होतं, ओढ्यावर फरशी टाका. फरशी म्हणजे सिमेंटचा ठेंगणा पूल, वरून पाणी गेलं तरी माणूस चालत जाईल असा. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली आणि आजोबांनी दिलेल्या तुकड्यात स्वतः ज्वारी करू लागली. दर ग्रामसभेला ती पुढच्या रांगेत जाऊन बसे आणि फरशीचं काय झालं म्हणून विचारी. गावठाणातली माणसं तिला बघून म्हणत, आली बघा फरशी. ती म्हणे, मी आले, ती येत न्हाई तेवढं बघा.

या फरशीसाठीच तिने पंचायतीला उभं राहायचं ठरवलं. खरं तर तिने नाही, बापूकाकांनी ठरवलं. बापूकाका वडिलांचे चुलतभाऊ. बोलायला मोकळे, माणसं जोडणारे, आणि मला आठवीपासून कलेक्टर म्हणणारे. आमची सगळी वस्ती मिळून प्रभाग तीन होता. वस्तीने एक माणूस ठरवायचा आणि तो निवडून यायचा. ठरवायची जागा अर्थात ओढ्यातली वाळू. दोन वर्षांपूर्वीच्या सुरुवातीच्या थंडीत, दिवस कलायच्या वेळी तिथे बसून बापूकाका म्हणाले, "आक्का, यंदा तुमीच. ग्रामसभेत उभ्यानं मागन्यापेक्षा पंचायतीत बसून मागा." सगळ्यांनी माना हलवल्या. आत्या नुसती वाळूवर बोटाने रेघोट्या ओढत बसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. आमच्या घरातल्या कुठल्या बाईचं नाव मतपत्रिकेवर येईल, ही कल्पनाच केवढी मोठी होती.

मग नवी प्रभागरचना आली.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. परीक्षेत प्रश्न आला होता, प्रत्येक मताचं मूल्य समान असतं म्हणजे काय ते स्पष्ट करा. मी दोन पानं भरून स्पष्ट केलं, आणि मार्कही चांगले पडले. सुट्टीला घरी आलो तर वस्तीत निराळीच चर्चा. तहसीलच्या कच्च्या नकाशात प्रभागाची हद्द आमच्या ओढ्यातून नेली होती. अलीकडचा काठ प्रभाग एकमध्ये, पलीकडचा प्रभाग दोनमध्ये. दोन्हीकडे गावठाणाची मतं जास्त. म्हणजे कालपर्यंत जी वस्ती आपला माणूस निवडून देत होती, ती आता दोन्ही प्रभागांत चिमूटभर उरणार. कारण एवढंच होतं की हद्द शक्यतो रस्ता, नदी, ओढा अशा खुणेवरून न्यायची असते. ते चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. नकाशावर ओढा ही निळी रेघच असते. त्या निळ्या रेघेत मांडव पडतो हे नकाशाला कुठून माहीत असणार?

आणि हे सांगायची संधी आम्हाला मिळाली होती, हेच मला आजही सहन होत नाही.

हद्द बघायला सर्कल, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे साहेब, येणार असा निरोप आला. ऐन हुरड्याचे दिवस. ज्वारी निसवून दाणा दुधात भरलेला, सकाळी पानांवरचं पाणी पायजम्याला लागून पाय गारठायचे, आणि उन्हं वर आली की शेताला एक गोडसर, हिरवा वास सुटायचा. बापूकाकांनी त्यांच्या बांधावर आगटी केली, म्हणजे खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव. त्यात कणसं खुपसायची, टचटच आवाज आला की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. आत्याने लसणाची चटणी कुटली, आईने शेंगदाण्याची. कुणाच्या मनात लाच नव्हती. हुरड्याच्या दिवसांत बांधावर आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, एवढंच आम्हाला माहीत. आत्याने काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस ती पाखरं हाकताना गोफण फिरवायची आणि मोठ्याने पाठ म्हणायची.

सर्कल आले, बरोबर आमचे तलाठी. सर्कल मफलर गुंडाळलेला सडपातळ माणूस, वागायला साधा. नकाशा हातात धरून ते ओढ्याने वरपासून खालपर्यंत चालत गेले. वस्ती मागोमाग. परत आल्यावर बापूकाकांनी त्यांना बाजेवर बसवलं. ते म्हणाले की आपण राजूरकडचे, तिकडे डोंगरात भाताचं पीक, हुरडा कधी खाल्लेलाच नाही. झालं. हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि आमची सगळी वस्ती त्यांना हुरडा खाऊ घालण्याच्या मागे लागली. आत्याने स्वतः त्यांना कणीस चोळायला शिकवलं, तूस कसं फुंकायचं ते दाखवलं. त्यांचा हात पोळला तेव्हा सगळे हसले, तेही हसले. मिशीला तूस लागलेलं, डोळ्यांत धूर गेलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघत राहावं. अशा माणसापुढे हद्दीचा विषय कोण काढणार?

आमच्याकडे पाहुण्याचा हात चालू असेपर्यंत आपलं काम सांगत नाहीत. त्याने हात धुवावेत, सुपारी घ्यावी, मग हळूच म्हणायचं की साहेब, एक विषय होता. पण साहेबांना फोन आला. दुसऱ्या गावाला जायचं होतं. शेवटची मूठ त्यांनी उभ्यानेच तोंडात टाकली आणि मोटारसायकलवर बसले. बापूकाकांनी बरोबर पिशवीभर हुरडा दिला. सुपारी आत्याच्या हातातच राहिली.

मी म्हणालो, आता लेखी हरकत देऊ. मुदत आहे अजून. तर बापूकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कलेक्टर, तो आपल्यात बसून खाऊन गेलाय. आता तो आपला मानूस. त्याच्यावर अर्ज करायचा व्हय? काय वाटंल त्याला?" सगळ्यांना ते पटलं. वडिलांना पटलं, आत्यालाही पटलं. खोटं कशाला सांगू, त्या उन्हात, त्या वासात ते पटण्यासारखंच होतं.

पाहणीच्या कागदावर लिहिलं गेलं की स्थानिक रहिवासी हजर होते, कुणीही हरकत घेतली नाही. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. कुणी लबाडी केली असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या. इथे चिडावं कुणावर?

अंतिम नकाशा चावडीवर लागला तेव्हा रेघ ओढ्यातच होती आणि मुदत संपलेली होती. उशिरा का होईना, अर्ज दिला. प्रांतसाहेबांनी ऐकून घेतलं हे त्यांचं भलेपण. कचेरीत आत्या, बापूकाका आणि मी असे तिघं उभे होतो. साहेबांनी शांतपणे विचारलं, पाहणीच्या वेळी तुम्ही सगळे तिथेच होता, मग कुणी बोललं का नाही?

आत्या म्हणाली, "साहेब, ते खात हुते."

कोपऱ्यातला कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांना यातलं काय लिहून घ्यावं ते कळलं नसावं. त्यांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात संमती आहे, विरोध आहे, तटस्थताही आहे. समोरचा जेवतोय म्हणून गप्प राहणं याला कुठलाच शब्द नाही. अर्ज उशिरा आला म्हणून नामंजूर झाला.

मग हायकोर्टाचं खंडपीठ. आत्या याचिकाकर्ती नंबर एक, बापूकाका नंबर दोन. वकील तालुक्यातलेच, पण तिकडे प्रॅक्टिस करणारे. इंग्रजी वाचणारा म्हणून मला बरोबर नेलं. पहाटेची एसटी, काचेच्या फटीतून येणारा वारा, आत्याच्या पिशवीत भाकरी आणि तीच लसणाची चटणी. कोर्टात भिंतीवरच्या पडद्यावर आकडे बदलत राहायचे. बापूकाका दर थोड्या वेळाने विचारायचे, काय कलेक्टर, आपला नंबर कुठवर आलाय? मी सांगायचो, येतोय. आणि आमचा नंबर जवळ आला की कोर्ट उठायचं. परतीच्या गाडीत आत्या खिडकीला डोकं टेकून बसायची. ती चिडलेली मला कधी दिसली नाही. तिच्या वाटणीचंही मीच चिडून घ्यायचो. एकदा तिने मला विचारलं, हितं खानारं कुनी न्हाई, मग हितं तरी बोलायला मिळंल ना?

बोलायला मिळायच्या आधी निवडणूक लागली. कार्यक्रम जाहीर झाला की कोर्टाला मधे पडता येत नाही, असं वकिलांनी सांगितलं. केस चालू राहील, निवडणूकही होईल. आत्याने प्रभाग एकमधून अर्ज भरला. आणि एके दिवशी कळलं की गावठाणातल्या पुढाऱ्यांनी बापूकाकांना प्रभाग दोनमधून आपल्या पॅनलमध्ये घेतलंय. ते स्वतः सांगायला आले. म्हणाले, आक्का, तुमी हिकडून, मी तिकडून, दोघं बसलो तर फरशी हून जाईल. हिशेब सरळ होता. आत्याने त्यांना गूळपाणी दिलं. मी खंडपीठातल्या याचिकेवरच्या त्यांच्या नावाचं विचारलं, तर वकिलांनी राहू द्या म्हटलंय, असं ते म्हणाले. नाव तसंच राहिलं.

ते माझं पहिलं मतदान. बोटाला शाई लागली, मशीनचा लांब आवाज झाला, आणि मी आत्याला मत दिलं हे सांगायला मला काही वाटत नाही. बाहेर आलो तर पलीकडच्या काठावरची एक म्हातारी काकू दुसऱ्या खोलीच्या दारात हुज्जत घालत होती. मशीनवर हिराबाईचं चिन्ह का न्हाई? कर्मचारी समजावत होता की आजी, त्यांचा प्रभाग वेगळा. ती म्हणत होती, वेगळा कसा, माझ्या दारातून तिची चूल दिसती. शेवटी तिने काय दाबलं ते तिलाच माहीत.

आत्या पडली. अलीकडच्या काठाने जेवढी मतं दिली तेवढीच पडली, वर एकही नाही. बापूकाका निवडून आले.

माणसं एका दिवसात बदलत नाहीत असं मला वाटायचं. बदलतही नसतील, पण सवयी बदलतात. बापूकाकांनी पलीकडे सौरदिवा आणला. त्यांच्या प्रभागाच्या निधीतून आला, मग त्यांच्याच काठावर लागणार. दिवेलागणीला तो आपोआप पेटतो. त्याचा पांढरा उजेड ओढ्याच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे संपतो. पुढे आमचा अंधार. पहिले काही दिवस आमची पोरं खेळायला त्या उजेडात जायची, मग कुणीतरी कुणाला तरी काही बोललं आणि जायची थांबली. पलीकडच्यांनी गुरांसाठी आपला हौद बांधला. फरशीचा विषय पंचायतीत निघाला तेव्हा प्रश्न आला की ती कोणत्या प्रभागाच्या खात्यात धरायची, कारण एक टोक एकमध्ये आणि दुसरं दोनमध्ये. अजून धरलेली नाही. गेल्या हुरड्याला दोन आगट्या झाल्या. दोन्ही काठांवरून दोन धूर निघत होते आणि वर जाऊन एकमेकांत मिसळत होते. मी आत्याला म्हटलं, चल पलीकडे. ती म्हणाली, बोलावलं न्हाई त्यांनी. आमच्या वस्तीत हुरड्याला बोलवावं लागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ओढ्यात रेघ कुणालाच दिसत नाही. मी वाळूत उभा राहून पाहिलंय. खाली वाळू, कडेला बाभळी, शेळ्यांच्या लेंड्या. पण आता माणसं तिथवर येतात आणि थबकतात. कागदावरच्या रेघेला जमिनीवर उतरायला किती थोडा वेळ लागला! आणि ती पुसायला आम्ही दोन वर्षं एसटीने येरझाऱ्या घालत होतो. प्रत्येक खेपेला आत्याचं एकच, वस्ती पुन्हा एक झाली की बाकीचं मी बघते. पंचायत मिळो न मिळो, एवढं एक झालं की मी सुटले.

काल दुपारी लायब्ररीतून बाहेर पडतो तर आत्याचा फोन. ती फोनवर ओरडून बोलते, जणू मी पलीकडच्या काठावर आहे. निकाल आदल्या दिवशीच लागला होता. वकिलांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं आणि ती तसंच्या तसं मला सांगत होती. सलग वस्ती तोडायला काही कारण कागदावर नाही, असं कोर्ट म्हणालं. पाहुण्याला खाऊ घातलं म्हणजे रेघ मान्य केली असं होत नाही, असंही त्यात लिहिलंय म्हणे. झालेली निवडणूक तशीच राहील. पण पुढच्या निवडणुकीच्या आधी हद्द नव्याने आखायची, आणि त्याआधी वस्तीतल्या सगळ्यांचं म्हणणं लेखी घ्यायचं.

मी पायरीवर बसलो. म्हटलं, आत्या, जिंकलो की आपण. तू जिंकलीस. आता तहसीलला लगेच लेखी देऊन टाकू, या खेपेला कुणी गप्प बसायचं नाही.

ती मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"एक अर्ज गेलाय सकाळीच."

"कुणाचा?"

"बापूचा. पलीकडची समदी त्याच्या मागं हायेत. त्यांचं म्हननं हाय, रेघ हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."